अर्ध्या दिनाराचा हिशेब

बहारीनचा दिनार १००० फिल्सचा. १९६५ साली तो आला तेव्हा १० गल्फ रुपयांना १ दिनार असा भाव ठरला. दिनाराचे हजार फिल्स असल्यामुळे राजधानी मनामात हिशेबाचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या मराठी माणसाला दशांशचिन्हापुढे तीन घरं सांभाळावी लागतात. रुपया-पैशांची दोन घरांची सवय इथे पुरत नाही.

अहवालात मात्र पूर्ण दिनारच हवे असतात.

पायथॉनच्या नमपायमध्ये ०.५००, १.५००, २.५०० हा ॲरे राउंड केला, तर उत्तर येतं ०, २, २. शाळेतल्या नियमाने १, २, ३ यायला हवं! नमपाय नेमका मधोमध असलेला आकडा जवळच्या सम संख्येकडे नेतं. खरी बेरीज ४.५, नमपायची ४, शाळेची ६. हजारो बिलांत शाळेचा नियम बेरीज वरच ढकलत राहतो, त्यामुळे सम संख्येची रीतच जास्त न्यायाची.

तरीही राउंड करायचं ते दाखवण्यापुरतं. रक्कम फिल्समध्ये साठवली, की २.५०० दिनार सरळ २५०० राहतात.