ट्रायल

भूम तालुका खव्याचा. आमच्या ईटहून अण्णा पहाटेच एम-एटीवर खवा घेऊन निघायचे. एकदा क्लचप्लेटा बदलायला गाडी गॅरेजात टाकली. मेस्त्रीचं पोरगं "ट्रायल मारून आन्तो" म्हणून गेलं, ते तासाभरानं उगवलं. एवढी कसली ट्रायल? क्लच बघायला चढावर एक फेरी पुरते. पण अण्णा बोलले नाहीत. गाडीला पेट्रोलचा काटा नव्हता, आणि कॉक पोरानं रिझर्व्हला करून ठेवलेला. दुसऱ्या दिवशी भर माळावर गाडी बंद. ढकलत नेईतो ऊन चढलं. १८ किलो खवा वास मारायला लागला. व्यापाऱ्यानं परत लावला.

पुढच्या खेपेला पोरानं ट्रायलसाठी किक मारली, तसे अण्णा मागं बसले.

"चल, म्या बी येतो."