चुकीच्या वेळी घेतलेली पुस्तकं

माझ्या कपाटातली बुद्धिबळाची पुस्तकं वाईट नाहीत. त्यातली काही तर या खेळावरच्या सर्वोत्तम लेखनात मोडतात. पण बहुतेक सगळी मी चुकीच्या वेळी घेतली. मोठे खेळाडू काय वाचतात हे विचारून घेतली, मी कशामुळे हरतो हे तपासून एकही घेतलं नाही. यात माझी काही वर्षं गेली त्याचं वाईट वाटतंच. पण त्याच हट्टापायी माझी भाची खेळापासून दुरावली, ते जास्त लागतं. म्हणून हे लिहितो आहे.

मी शहाडला राहतो, नोकरी मुंबईत. खेळायला लहानपणीच शिकलो, पण स्पर्धा खेळायला लागलो ते पस्तिशी उलटल्यावर. कल्याण-डोंबिवलीत रविवारी कुठे ना कुठे रॅपिड स्पर्धा असते. पहिल्या काही स्पर्धांत शाळकरी मुलांनी मला सहज हरवलं. डाव संपल्यावर ती मुलं आपापसांत ‘नायडॉर्फ’, ‘कारो-कान’ अशी ओपनिंगची नावं घ्यायची. मला वाटलं, यांना माहीत आहे आणि मला माहीत नाही ते हेच. मी सिसिलियन नायडॉर्फवरचं एक जाडजूड पुस्तक मागवलं.

चाली पाठ करायचा मला नाद लागला. पंधराव्या-सोळाव्या चालीपर्यंतचे फाटे वहीत लिहून काढायचो. आणि स्पर्धेत काय व्हायचं? पांढरी मोहरी घेतलेला मुलगा दुसऱ्याच चालीला सी पट्टीतलं प्यादं एक घर पुढे सरकवायचा, किंवा तिसऱ्या चालीला उंटाने शह द्यायचा. नायडॉर्फ पटावर यायचाच नाही. माझ्या पातळीवर समोरच्याने ते पुस्तक वाचलेलंच नसतं, हे लक्षात यायला फार उशीर लागला. आणि ज्या मोजक्या डावांत पाठ केलेली स्थिती आली, तिथेही पुस्तक ‘काळ्याला समान संधी’ म्हणून थांबलं की मला पुढचं काही सुचत नसे. समान संधी म्हणजे नेमकं काय करायचं, हेच ठाऊक नव्हतं.

पुढे इमॅन्युएल लास्करच्या पाठ्यपुस्तकात एक हिशेब वाचला. लास्कर १८९४ पासून १९२१ पर्यंत विश्वविजेता होता. सामान्य माणसाला चांगला खेळाडू करायला त्याने दोनशे तास धरले आहेत. नियम आणि सरावाला पाच, प्राथमिक एंडगेमला पाच, ओपनिंगला दहा, कॉम्बिनेशनला वीस, पोझिशनल खेळाला चाळीस आणि उरलेले एकशे वीस तास खेळणं व खेळलेल्या डावांचं विश्लेषण. दोनशेत ओपनिंगला दहा! माझं प्रमाण जवळजवळ उलटं होतं. आपल्याकडे तर याच्याही कितीतरी आधी, १८१४ मध्ये, पेशवाई बुडायला चार वर्षं असताना, मुंबईत त्रेवंगडाचार्य शास्त्री यांचं बुद्धिबळावरचं पुस्तक छापलं गेलं. मूळ संस्कृत, त्याचा त्यांनीच केलेला इंग्रजी अनुवाद. त्यात मुख्यतः आहेत त्या स्थिती: पटावर मोहरी अशी मांडलेली आहेत, आता जिंकून दाखवा. शिकणाऱ्याला काय द्यावं, हे त्या शास्त्रीबुवांना स्पष्ट दिसत होतं असं मला वाटतं.

ओपनिंगचा नाद कमी झाला तो मला शहाणपण आलं म्हणून नव्हे. कुणीतरी सांगितलं, निम्झोविचचं ‘माय सिस्टिम’ वाच. १९२५ सालचं हे पुस्तक थोर आहे, आजही मी ते आदराने उघडतो. पण मी ते वाचलं तेव्हा माझे घोडे-उंट एका चालीत फुकट जात होते. प्याद्याची नाकेबंदी कशी करावी यात मी गुंतलेला असायचो आणि तेवढ्यात समोरचा काटशह देऊन माझा हत्ती मारायचा. पुस्तकातली कल्पना बरोबर असायची, पण ती वापरण्याइतका वेळ माझा डाव टिकतच नव्हता.

यानंतरची चूक मला सगळ्यात महागात पडली. मी मार्क द्वोरेत्स्कीचं एंडगेमवरचं पुस्तक घेतलं. हे उस्तादांसाठी लिहिलेलं पुस्तक आहे, आणि पट मांडून, एकेका आकृतीशी झगडून ते वाचायचं असतं. मी ते लोकलमध्ये वाचलं. टिटवाळ्याहून येणारी सकाळची गाडी शहाडला येते तेव्हा बसायला जागा नसतेच. दाराजवळच्या गर्दीत एका हाताने कडी आणि दुसऱ्या हातात पुस्तक धरून मी पानं उलटायचो. पट नाही, मोहरी नाहीत. आकृती पाहायची, खालच्या चालींवरून नजर फिरवायची, समजलं असं वाटायचं. पुस्तक वाचून झालं याचा अभिमानही वाटायचा.

मग एका स्पर्धेत, शेवटच्या फेरीत, माझ्याकडे एक हत्ती आणि सातव्या रांगेत पोहोचलेलं प्यादं होतं. राजा त्या प्याद्याच्या पुढे, आठव्या रांगेत. समोरच्याचा राजा माझ्या हत्तीने एक पट्टी सोडून पलीकडे अडवलेला. ही लुसेनाची स्थिती, एंडगेममधली बाराखडी. हत्ती चौथ्या रांगेत आणायचा, मग राजा बाहेर काढायचा, आणि शह बसायला लागले की हत्ती मध्ये घालून ते थांबवायचे. खेळाडू याला पूल बांधणं म्हणतात. हे पान मी वाचलेलं होतं. वाचलेलं आहे हेही पटावर आठवलं, पण काय वाचलं ते आठवलं नाही. मी आधी राजाच बाहेर काढला. समोरच्या मुलाने मागून शह द्यायला सुरुवात केली, मी राजा इकडून तिकडे पळवत राहिलो. तीच स्थिती तिसऱ्यांदा आली, त्याने घड्याळ थांबवून पंचांना बोलावलं आणि डाव बरोबरीत सुटला. तो अर्धा गुण मला अजून बोचतो, कारण तो कमी अभ्यासामुळे गेला नाही. ज्याला मी अभ्यास समजत होतो त्यामुळे गेला.

व्हिडिओंबद्दल थोडक्यात सांगतो. ग्रँडमास्टरांचे ब्लिट्झ डाव रात्री उशिरापर्यंत पाहिले. आनंद मिळाला, खेळ सुधारला नाही. संगणकावरच्या बुद्धिबळ-इंजिनचंही तसंच. हरलेला डाव टाकायचो, लाल खूण दिसायची, ‘हो, इथे घोडा हलवायला हवा होता’ म्हणायचो आणि पुढे जायचो. चाल इंजिनने शोधलेली असायची, माझ्या डोक्याला काहीच काम पडायचं नाही. गुकेशला त्याचे प्रशिक्षक विष्णू प्रसन्न यांनी रेटिंग २५००च्या आसपास जाईपर्यंत इंजिनपासून लांब ठेवलं होतं, हे वाचलं तेव्हा मी चपापलो. पुढे जाऊन विश्वविजेता होणारा मुलगा स्वतःच्या डोक्याने चुका शोधत होता आणि माझ्यासारखा रविवारचा खेळाडू त्या संगणकाकडून शोधून घेत होता.

आता भाचीचं. ती अकरा वर्षांची होती, रविवारी आमच्याकडे यायची. तिचा खेळ बेधडक होता. दोन चालींत मात करायची कोडी दिली की जेवायला उठायची नाही. मी तिला सांगितलं, हे पोरखेळ पुरे, आता नीट अभ्यास. माझ्या वहीतल्या ओपनिंगच्या चाली मी तिच्यासाठी टाइप करून छापून आणल्या आणि दर रविवारी पाठ घ्यायला लागलो. चुकली की पहिल्यापासून. एक दिवस ती म्हणाली, “मामा, पाठच करायचं असेल तर शाळा आहेच ना.” मी तिला रागावलो. त्यानंतर हळूहळू तिचं येणं थांबलं. पट तिने माळ्यावर टाकला, असं बहिणीकडून कळलं. जे मला उपयोगी पडत नव्हतं तेच मी तिच्यावर लादलं होतं, तेही तिला जे आवडत होतं आणि जे खरोखर उपयोगाचं होतं ते काढून घेऊन.

त्या दिवसांत मी जुन्या स्कोअरशीटचा गठ्ठा बाहेर काढला. इंजिन न लावता एकेक हरलेला डाव पटावर मांडला आणि प्रत्येक कागदावर एकच गोष्ट लिहिली: डाव कुठे गेला. ओपनिंगमुळे गेलेले डाव शोधूनही सापडेनात. बहुतेक डाव एका-दोन चालींच्या डावपेचात गेले होते. मोहरा उघडा राहिला, काटशह दिसला नाही, शेवटच्या रांगेत मात बसली. त्याखालोखाल साधे एंडगेम. मला काय वाचायला हवं होतं, ते त्या कागदांवर कधीपासून लिहिलेलं होतं.

आता माझ्या टेबलावर सोप्या डावपेचांचं एकच पुस्तक आहे. ते संपलं की पुन्हा पहिल्यापासून सोडवतो. सोबत कापाब्लांकाचं १९२१ सालचं ‘चेस फंडामेंटल्स’, आणि जेरेमी सिल्मनचं एंडगेमचं पुस्तक. सिल्मनने धडे रेटिंगप्रमाणे लावले आहेत आणि आपल्या पातळीपुढचं सध्या वाचू नका असं तो बजावतो. ते मी पाळतो. गाडीत पुस्तक नेत नाही. पट मांडल्याशिवाय एंडगेमचं पान उघडायचं नाही, असं ठरवलं आहे.

भाचीची मी माफी मागितली. २०२५ च्या जुलैमध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने बाटुमीत कोनेरू हंपीला हरवून महिला विश्वचषक जिंकला, त्या रात्री तिचाच फोन आला: “मामा, पाहिलंस का?” नंतरच्या रविवारी ती आली. मी मात करायची कोडी काढून ठेवली होती. ओपनिंगचं तिने विचारलं तर सांगतो, एरवी नाही.

एक दुखणं अजून तसंच आहे. वेळ संपत आली की माझा हात थरथरतो आणि चांगला डाव मी शेवटच्या दोन मिनिटांत उधळतो. यावर कुठलं पुस्तक घ्यावं हा विचार मनात आलाच, पण अजून घेतलेलं नाही. हल्ली घरी सरावाचे डाव खेळताना प्रत्येक चालीपुढे घड्याळात किती वेळ उरला ते लिहितो. आतापर्यंतच्या कागदांवरून इतकं दिसतं की सगळ्यात जास्त वेळ मी आठव्या ते बाराव्या चालीत घालवतो, जिथे अजून काही घडलेलंच नसतं. तसं का होतं, ते सध्या शोधतो आहे.