हप्त्याची तारीख

'सिबिल वाढवून देतो' म्हणणाऱ्यांना गिऱ्हाईक कमी पडत नाही, आणि पनवेलसारख्या गावात तर नाहीच. करंजाडे, कामोठे, खांदा कॉलनी, कुठेही घर घ्यायचं म्हटलं की कर्ज आलं आणि कर्जामागोमाग तो सिबिलचा तीन आकडी स्कोअर आला. माझं स्पष्ट मत आहे की हा आकडा कुणाला पैसे देऊन वाढत नाही, तो तारखेला हप्ता भरूनच वाढतो. पुरावा सिबिलच्या रिपोर्टमध्येच असतो. प्रत्येक कर्जाखाली गेल्या ३६ महिन्यांचे चौकोन दिसतात. हप्ता वेळेत गेला तिथे '०००', तीस दिवस थकला तिथे '०३०'. ३०० ते ९०० मधला आकडा ठरताना या रांगेचं वजन मोठं. एजंट फार तर चुकीच्या नोंदीविरुद्ध तक्रार करील, ती आपल्यालाही फुकटात करता येते. खरी थकबाकी पुसणं त्याच्या हातात नाही.

यावर पहिला आक्षेप इथला, अगदी मातीतला आहे. संपादित जमिनीच्या मोबदल्यात मिळालेल्या सिडकोच्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडाचा मालक म्हणतो, माझ्याकडे कोटीची जमीन आहे, मला स्कोअर कसला विचारता? पण स्कोअर श्रीमंती मोजतच नाही, तो उधार घेतलेलं कसं फेडलं ते मोजतो. ज्याने कधी कर्जच घेतलं नाही, त्याच्याबद्दल तो गप्प असतो. पतपेढीचे हप्ते वर्षानुवर्षं चोख भरणाऱ्याचीही तीच गत, कारण बहुतेक पतपेढ्यांचा व्यवहार या नोंदीत येत नाही. हा अन्याय आहे, हे मला मान्य आहे. पण त्यावर तोडगा आहे: एखादं लहान कर्ज किंवा क्रेडिट कार्ड घ्यावं, झेपेल तेवढंच वापरावं आणि बिल दर महिन्याला पूर्ण भरावं.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. चूक आपली नसताना हप्ता चुकला तर? पनवेलच्या कर्नाळा नागरी सहकारी बँकेवर २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले आणि ऑगस्ट २०२१ मध्ये तिचा परवानाच गेला. अशा बँकेतल्या खात्यातून ज्याचा हप्ता कापला जात असेल, त्याच्या चौकोनात कारण लिहिलेलं नसतं, फक्त थकलेले दिवस असतात. म्हणूनच हप्त्याचं खातं एकाच बँकेच्या भरवशावर ठेवू नये आणि एक-दोन हप्त्यांची रक्कम दुसरीकडे पडून असावी. रिक्षावाल्याला किंवा छोट्या दुकानदाराला हे सांगणं सोपं आहे, करणं नाही, हे कळतं मला. त्याने निदान हप्त्याची तारीख धंद्याचे पैसे हातात येण्याच्या दिवसानंतरची मागून घ्यावी. थकलंच तर 'सेटलमेंट'च्या मोहात पडू नये. थोडी सूट मिळते, पण नोंदीत 'सेटल्ड' राहतं आणि पुढची बँक त्याचा अर्थ 'पूर्ण फेडलं नाही' असाच लावते. पूर्ण रक्कम भरून 'क्लोज्ड' करून घेणंच शहाणपणाचं.

जानेवारी २०२५ पासून बँकांना कर्जफेडीची ही माहिती निदान दर पंधरवड्याला पाठवावी लागते, त्यामुळे उशीर लवकर दिसतो आणि सुधारणाही. सिबिलसह अशा नोंदी ठेवणाऱ्या चारही क्रेडिट कंपन्यांचा पूर्ण रिपोर्ट वर्षातून एकदा मोफत मिळतो. तो काढा, चौकोन वाचा. चूक असेल तर तक्रार करा. तीस दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे.