कुलूपबंद ग्रंथ

आमच्या वसतिगृहात रात्रीच्या जेवणानंतर वादाला विषय लागतोच. हल्ली तो मान ‘विंडोज भरवशाचे की लिनक्स’ या प्रश्नाला मिळाला आहे. माझा कानडी मित्र लिनक्सचा कट्टर भक्त. सर्वांना पाहायला खुले असल्यामुळे त्यात चुका टिकतच नाहीत, असे तो म्हणतो. मला हे पटत नाही. ‘डर्टी काऊ’ नावाचे भगदाड लिनक्सच्या गाभ्यात २००७ पासून होते. ते बुजले २०१६ साली! माणसाने लिहिलेल्या लाखो ओळींत चूक ही राहणारच.

खरा प्रश्न पुढचा आहे. चूक सापडली, तर ती दुरुस्त करण्याचा हक्क कोणाला? १९८४ च्या दुरुस्तीने आपल्या कॉपीराइट कायद्यात प्रोग्रॅमला साहित्यकृतीचा दर्जा मिळाला. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे संरक्षण! श्रमाचे मोल मिळावे, याबद्दल दुमत नाही. परंतु कादंबरी विकत घेणारा ती निदान वाचू शकतो. विंडोज घेणाऱ्याला मूळ लेखन दिसतही नाही. बिघाड झाला की कंपनीच्या तोंडाकडे पाहत बसावे लागते.

“मग कॉपीराइटच नको,” मित्र म्हणतो. पण त्याच्या लिनक्सचा जीपीएल परवाना कॉपीराइटच्याच आधारावर उभा आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८९ मध्ये तो आणला. सुधारलेला प्रोग्रॅम इतरांना देणाऱ्याने त्याचे मूळ लेखनही द्यावे, ही त्यातली अट. म्हणजे अन्याय हक्कात नसून कुलपात आहे.

यंदा माझा स्वतःचा लहानसा प्रोग्रॅम पुरा होईल. त्यावर माझे नाव राहील, हक्कही राहील; कुलूप मात्र घालणार नाही.