खण पाहावा ओढून

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपले पूर्वज सांगून गेले. त्यात मी स्वतःच्या जबाबदारीवर एक भर घालतो : खण पाहावा ओढून. टेबलाचा, कपाटाचा, ओट्याखालचा, कुठलाही. पूर्वजांना हे सुचले नाही, कारण त्यांना खणाच्या बाबतीत निवडच नव्हती. लाकडी पट्टीवर लाकडी खण. उन्हाळ्यात खुळखुळायचा, पावसाळ्यात फुगून बसायचा. फुगला, की कडेला मेणबत्ती नाहीतर साबणाचा तुकडा घासायचा. तरी हलला नाही, तर टेबलाला पाय लावून ओढायचा. मग एकदाचा खण यायचा. आपण सतरंजीवर आणि खणातल्या वस्तू आपल्यावर.

हल्ली असे होत नाही. हल्ली माणूस घरी पडत नाही, दुकानात गोंधळतो.

आमच्या आईच्या पलंगाशेजारी औषधांसाठी एक छोटे कपाट करायचे ठरले. आईचे वय ७८, बोटांत संधिवात. तिची अट एकच. "माझा खण मला उघडता आला पाहिजे. गोळीसाठी मी कुणाला हाक मारणार नाही." सुतारमामांनी माप घेतले आणि म्हणाले, "साहेब, चॅनेल तेवढे तुम्ही आणा." चॅनेल म्हटल्यावर मला आधी टीव्ही आठवला आणि मग बी.कॉम.च्या पुस्तकातले मालवितरणाचे चॅनेल. ज्याच्यावर खण सरकतो ती लोखंडी पट्टी, हे शेवटी कळले.

दुकानदाराने सोनार पाटल्या मांडतो तशा जोड्या मांडल्या. पहिली पांढऱ्या रंगाची, नायलॉनच्या चाकांची. स्वस्त, पण खण पाऊणच बाहेर येतो. उरलेला पाव भाग काळोखात, आणि गोळ्यांची पट्टी नेमकी तिथेच जाऊन बसते. दुसरी टेलिस्कोपिक : एकीतून एक निघणाऱ्या तीन पट्ट्या, मध्ये पोलादी गोळ्या, खण अख्खा बाहेर. तिसरी तीच, पण 'सॉफ्ट क्लोज'. लोटून द्या, शेवटी ती आपोआप मंदावते आणि नव्या सुनेने दार लावावे तशी बिनआवाज मिटते. चौथी खणाच्या पोटाखाली लपणारी. तिची किंमत ऐकून मीच बिनआवाज मिटलो.

एका खोक्यावर छापले होते : ४५ किलो, ५०,००० वेळा. आकडा दिसला, की बँकेच्या माणसाचे बोट वळवळू लागते. कॅश काउंटरच्या खणात दहा रुपयांची २,००० नाणी ठेवली, तर एक नाणे सुमारे पावणेआठ ग्रॅम धरून वजन झाले साडेपंधरा किलो. वजनाची काळजी नाही. पण कॅशियरने खण दिवसाला दीडशे वेळा ओढला आणि वर्षाचे कामाचे दिवस अडीचशे धरले, तर ३७,५०० वेळा. म्हणजे सोळा महिन्यांत चॅनेल सेवानिवृत्त! तेच आईने दिवसाला दहा वेळा ओढला, तर ५,००० दिवस, म्हणजे साडेतेरा वर्षांहून जास्त. वयाच्या एक्क्याण्णव वर्षांपर्यंत निश्चिंती. दुकानदार म्हणाला, "साहेब, वजन जोडीचे आहे हं, एकीचे नाही. आणि पट्टी उभी बसवली तरच. आडवी झोपवली तर ताकद बरीच कमी होते." आडवे झाल्यावर ताकद कमी होणारे आमच्या शाखेतही बरेच आहेत.

एवढ्यात आमच्या मेहुण्याला बातमी लागली. तो सातपूरच्या एमआयडीसीत सीएनसी मशीनवर काम करतो. "भावोजी, ही काय खेळणी बघताय? आमच्या मशीनला असते तसली लिनियर गाइड बसवा. जन्माची कटकट जाईल!"

मग त्याने जेवता जेवता शिकवणी घेतली. खणाच्या चॅनेलमधल्या गोळ्या एसटीतल्या प्रवाशांसारख्या. जागा राखीव, पिंजऱ्यात बसून पुढे जायचे आणि मागे यायचे. लिनियर गाइडमध्ये घासून गुळगुळीत केलेला पोलादी रूळ आणि त्यावर धावणारा ठोकळा. ठोकळ्यातल्या गोळ्या एका टोकाला पोचल्या, की आतल्या वाटेने मागे येऊन पुन्हा पुढे निघतात. काळारामाला प्रदक्षिणा घालाव्यात तशा. म्हणून रूळ असेल तिथवर ठोकळा जातो. भार वरून येवो, खालून येवो की बाजूने, चूक मायक्रॉनमध्ये मोजायची. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. ही युक्ती टीएचके नावाच्या जपानी कंपनीने १९७२ साली बाजारात आणली. १९७२ म्हटल्यावर आई म्हणाली, "त्या साली आपल्याकडे दुष्काळ होता. आम्ही मिलो खात होतो."

मी विचारले, "मग बसवूया का?" तेव्हा मेहुण्याने हळूच अटी वाचायला सुरुवात केली. बूड मशीनवर काढल्यासारखे सपाट हवे, प्लायवूड जरा वाकले की ठोकळा अडखळणार. लाकडाचा भुसा चालणार नाही. वेळच्या वेळी ग्रीस. आणि ठोकळा रूळ सोडत नाही. तेव्हा खण अख्खा बाहेर यायचा, तर रूळही कपाटाबाहेर यायला हवा. म्हणजे आईच्या खोलीत नाशिकरोड स्टेशन! आईने मायक्रॉनवर एकच प्रश्न विचारला. "गोळी मला तोंडातच टाकायचीय ना रे?"

राहिल्या दोन : साधी टेलिस्कोपिक आणि सॉफ्ट क्लोज. सुतारमामांचा खण कपाटाच्या आतल्या रुंदीपेक्षा बरोबर एक इंच कमी होता, दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच चॅनेलसाठी. त्यामुळे दोन्ही जोड्या आळीपाळीने बसवून पाहता आल्या. सॉफ्ट क्लोजला उघडताना सुरुवातीला एक जादा हिसका लागतो, कारण मिटताना कामाला येणारी स्प्रिंग उघडतानाच ताणून ठेवावी लागते. मिटताना दाखवलेले सौजन्य ती उघडताना वसूल करते. कर्जाचेही तसेच असते. त्या हिशेबाने आईच्या बोटांनी पहिला हप्ताच थकवला. साधी जोडी लावली. मूठ काढून चार बोटे आत जातील अशी कमानदार कडी बसवली. आईने एका हाताने खण ओढला, अख्खा बाहेर काढला, आत कोपऱ्यापर्यंत पाहिले आणि हाक न मारता गोळी घेतली.

सौ.ची तक्रार मात्र राहिली. "रात्री खट् वाजतो हो तो." वाजतो खरा. रोज साडेनऊला पलीकडच्या खोलीत खट् होते. हल्ली ते ऐकले, की सौ. कूस बदलून म्हणते, "घेतली हं गोळी." मग आम्ही दिवा मालवतो.

परवा पावणेदहा झाले तरी खट् नाही. दहा झाले. मी उठून गेलो. आई पलंगावर टक्क जागी, हात खणाच्या कडीवर.

"आई, गोळी?"

"घेते की. बघत होते, येतोस का."

आणि खण ओढून, गोळी घेऊन, तिने तो खट्दिशी लावला.