पगार चालवताना

शाळेत आम्ही देव चालवला, वन चालवलं, माला चालवली. गम् धातू तर तिन्ही वचनांत इतका चालवला की शेवटी त्याच्याच पायांचे तुकडे पडले असतील. शब्द नुसता पाठ करून भागत नाही, तो चालवावा लागतो, हे तेव्हा जाच वाटायचं. आता बेचाळिसाव्या वर्षी, ऐरोलीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात, जेवणाच्या टेबलावर दोनशेपानी वही पसरून मी स्पॅनिश धातू चालवते आहे. ऑफिसचं गिऱ्हाईक मेक्सिकोचं. तिथे सकाळचे आठ वाजतात तेव्हा इथे संध्याकाळचे साडेसात झालेले असतात, आणि मी रिक्षात.

"काय करतेस गं?" बाबांनी विचारलं.

"धातू चालवते."

"बिडाचा की पितळेचा?"

बाबा ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात टर्नर होते. लेथवर बत्तीस वर्षं त्यांनी खरोखरीचा धातू फिरवला. मी वही पुढे केली. त्यांनी चष्मा वर ढकलून तक्ता पाहिला आणि म्हणाले, "आखणी सरळ नाही."

तक्ता सहा घरांचा. स्पॅनिश धातूला शेवटी तीनांपैकी एक शेपूट असतं: आर, एर किंवा ईर. ते तोडायचं आणि त्या जागी माणूस जोडायचा. आब्लार म्हणजे बोलणे. आब्लो म्हटलं की मी आले, आब्लास म्हटलं की तू. 'मी' वेगळा उच्चारायची गरज नाही, तो 'ओ'मध्ये मावतो. आपल्याकडेही 'बोलतेस' म्हटल्यावर 'तू' सांगावं लागत नाहीच. पण आपल्या 'बोलते'ला बोलणारी बाई आहे हेही सांगायचं असतं. स्पॅनिशला त्याचं सोयरसुतक नाही. आब्लो बाबांचंही, आब्लो माझंही. (कोल्हापूरच्या आमच्या मामीआजीला हे आवडलं असतं. ती जन्मभर 'मी येतो', 'मी बघतो' असंच म्हणत आली.)

सगळे धातू असे सरळ चालत नाहीत. दोर्मीर, म्हणजे झोपणे, हा त्यातला नाठाळ. मी झोपते म्हटलं की मधल्या 'ओ'चा 'उए' होतो: दुएर्मो. तू, तो, ते, सगळ्यांचं तेच. 'आम्ही झोपतो' मात्र जुन्या वळणावर: दोर्मीमोस. कारण आघाताचं आहे. आवाजाचा जोर मूळ धातूवर पडला की स्वर फुटतो, जोर पुढे शेपटाकडे सरकला की स्वर शाबूत राहतो. रात्रपाळीच्या माणसाला झोपेचाच धातू धड चालवता येऊ नये, यावर आमच्या स्पॅनिशच्या क्लासात पुरेसे विनोद करून झाले आहेत.

तिसऱ्या आठवड्याच्या यादीत चौथा शब्द होता पागार. पैसे देणे.

मी थबकलेच. पगार! आपला पगार! तो पोर्तुगिजांकडून आला, हे मला वाचून माहीत होतं. पाव, चावी, घमेलं, लिलाव यांच्या सोबतचा. पोर्तुगीज आणि स्पॅनिश या बहिणी, धातू दोघींकडे एकच. खिडकीतून खाडी दिसते, खाडीपलीकडे मुलुंड, म्हणजे जुनी साष्टी. 1534 च्या तहाने वसईबरोबर तो मुलूख पोर्तुगिजांकडे गेला आणि 1737 मध्ये मराठ्यांनी ठाणं घेईपर्यंत त्यांच्याकडे राहिला. त्यातली 60 वर्षं, 1580 ते 1640, पोर्तुगालच्या गादीवर स्पेनचेच राजे होते. म्हणजे ज्या भाषेचे क्लास मी फी भरून करते आहे, त्या भाषेतल्या राजाचा अंमल एके काळी समोरच्या काठापर्यंत पोचला होता.

पण पाव आणि चावी त्यांच्या घरीही नामंच होती. पगार तिकडे धातू होता, चालता-फिरता. आपण त्याला खाली बसवलं, त्याचं नाम केलं. आणि दिशाही उलटी केली. त्यांच्या भाषेत ते देणं आहे, आपल्या भाषेत येणं. शिवाय त्यांच्या तक्त्यात देणारा सुटत नाही: पागो, मी देते. पागास, तू देतोस. पागा, तो देतो, ती देते, आणि आदराने बोलताना 'आपण देता'सुद्धा, कारण 'उस्तेद'ला ते तिसऱ्या पुरुषाचं रूप लावतात. आपण समोर बसलेल्या आजोबांनाच 'काय म्हणतात आजोबा?' विचारतो, तसं. पागामोस, आम्ही. पागान, ते. पाचवं घर स्पेनमधल्या 'तुम्ही'चं. मेक्सिकोत ते चालत नाही म्हणून बाईंनी त्यावर काट मारायला सांगितली.

आपल्याकडे मात्र पगार 'होतो'. पाऊस होतो, उशीर होतो, तसा. कोणी दिला ते वाक्यात कुठेच नसतं. बाबांचा पगार पाकिटातून यायचा, वर बॉलपेनने नाव आणि रक्कम, पैशांसकट. ते पाकीट आईच्या हातात देताना ते एवढंच म्हणायचे, "झाला." आई देवापुढे ठेवायची. देणारा कोण, हा प्रश्न फक्त संपाच्या काळात घरात ऐकू यायचा.

सात तारखेला सकाळी मी हेच खाने पुन्हा भरत होते. मोरीतला भांड्यांचा आवाज थांबला. आमच्याकडे भांडी-लादीला येणाऱ्या ताई पदराला हात पुसत टेबलाशी आल्या. वहीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"ताई, तुमचा पगार झाला का?"

झाला होता, एक तारखेलाच. मी पेन ठेवलं आणि पर्स आणायला उठले.