घरात कुणाच्या गळ्याचं ऑपरेशन झालंय का?

नवऱ्याच्या कंपनीचा इन्शुरन्स मधुमेहासाठी ओझेम्पिकचे पैसे देतो, वजनासाठी वेगोव्हीचे देत नाही. औषध दोन्हींत तेच, सेमाग्लुटाइड. मला मधुमेह नाही, ए-वन-सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) ५.९, म्हणजे अगदी उंबरठ्यावर. बीएमआय ३१. अमेरिकेत वजनासाठी ही औषधं मिळायला बीएमआय ३० तरी लागतो, किंवा २७ आणि सोबत रक्तदाबासारखा एखादा आजार. औषध मला चालणार होतं, पण वेगोव्हीची छापील किंमत महिन्याला १३०० डॉलरच्या वर होती. नेहमीच्या डॉक्टरांनी एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे पाठवलं, तर तिथली अपॉइंटमेंट काही महिन्यांनंतरची. म्हणून २०२५ च्या सुरुवातीला मी ऑनलाइन सेवा शोधायला बसले.

न्यू जर्सीतल्या एडिसनला राहणाऱ्या माझ्या मोठ्या जाऊबाई आधीपासूनच अशा एका सेवेकडून औषध घेत होत्या. ‘‘अगं, फॉर्म भरायचा, आठवड्यात बाटली दारात. एवढा विचार कसला करतेस?’’ असं त्यांनी प्रेमानेच सांगितलं. पैसेही कितीतरी कमी. त्यांच्या फ्रिजमधली ती बाटली मी हातात घेऊन पाहिली. त्यावर वेगोव्हीचं नाव नव्हतं, ते बनवणाऱ्या नोव्हो नॉर्डिस्कचंही नव्हतं. ते कंपाऊंडेड औषध होतं, म्हणजे एखाद्या फार्मसीने स्वतः मिश्रण करून भरलेलं. अशा मिश्रणाची तपासणी करून अमेरिकेची औषधनियामक संस्था एफडीए त्याला मंजुरी देत नाही. मूळ औषधाचा तुटवडा होता म्हणून फार्मसींना असं मिश्रण बनवायची मुभा होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये एफडीएने सेमाग्लुटाइडचा तुटवडा संपल्याचं जाहीर केलं आणि फार्मसींना ते बनवणं थांबवायला एप्रिल-मेपर्यंतची मुदत दिली. तरीही जाऊबाईंच्या त्या सेवेचा माणूस मला वर्षभराचे पैसे आगाऊ भरायला सांगत होता. मे महिन्यानंतर काय देणार, असं विचारलं तर उत्तर नाही. औषध कोणत्या फार्मसीतून येतं, तेही पैसे भरल्यावरच कळणार होतं.

माझा जीव सगळ्यात जास्त घाबरला तो सिरिंजवरच्या आकड्यांनी. जाऊबाईंना सांगितलेलं होतं, ‘दहा युनिट घ्या.’ इन्सुलिनच्या सिरिंजवर १०० युनिट म्हणजे १ मिलिलिटर. बाटलीत एका मिलिलिटरला २.५ मिलिग्रॅम औषध असेल, तर दहा युनिटांत ०.२५ मिलिग्रॅम येतं. सेमाग्लुटाइडची सुरुवात तिथूनच होते. पण पुढची बाटली दुसऱ्या फार्मसीची आली आणि तिच्यात मिलिलिटरला ५ मिलिग्रॅम असलं, तर त्याच दहा युनिटांत दुप्पट डोस शरीरात जाणार. मोजण्याच्या अशाच गोंधळातून काहींनी पाचपट ते वीसपट डोस घेतल्याचा इशारा एफडीएने २०२४ मध्ये दिला होता. मी जाऊबाईंना म्हटलं, ‘‘वहिनी, युनिट नका बघू, दर वेळी लेबलावरचे मिलिग्रॅम बघा.’’ तेव्हापासून त्या बघतात.

दुसऱ्या एका सेवेचा फॉर्मही मी भरला. उंची, वजन, आणि आजारांची लांबलचक यादी, त्यावर टिक करायची. त्या यादीत ‘मेड्युलरी थायरॉइड कॅन्सर’ होता. मी ‘नाही’वर टिक केली, कारण हे नाव मी आमच्या घरात कधी ऐकलं नव्हतं. चहा गार व्हायच्या आत मंजुरी आली. डॉक्टरचं नाव खाली होतं, पण तो माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता.

तिसऱ्या सेवेची फी जास्त होती आणि औषधाचे पैसे वेगळे. तिथे आधी रक्ताचे रिपोर्ट मागवले, मग व्हिडिओवर डॉक्टर भेटल्या. त्यांच्याकडे आमच्या राज्याचं, न्यू जर्सीचं, लायसन्स होतं. मी नाव घालून राज्याच्या साइटवर तपासलं. पित्ताशयात खडे आहेत का, स्वादुपिंडाला कधी सूज आली होती का, डाळ-दही-पनीर दिवसातून किती पोटात जातं, हे सगळं विचारून झाल्यावर त्या म्हणाल्या, ‘‘घरात कुणाच्या गळ्याचं ऑपरेशन झालंय का?’’

आणि मला मावशी आठवली. मिरजेला तिचं थायरॉइडचं ऑपरेशन झालं होतं, मी शाळेत असताना. घरात सगळे ‘गाठ काढली’ एवढंच म्हणायचे. गाठ कसली होती, ते डॉक्टरांनी विचारलं. मला सांगता येईना. या औषधांच्या माहितीपत्रकावर सगळ्यात वर चौकटीत इशारा असतो, तो याच आजाराचा: रक्ताच्या नात्यात मेड्युलरी थायरॉइड कॅन्सर असेल, तर औषध घ्यायचं नाही. डॉक्टर म्हणाल्या, ‘‘हे कळल्याशिवाय मी लिहून देणार नाही.’’ व्हिडिओ बंद झाल्यावर मला त्यांच्याबद्दल फार विश्वास वाटला. पैसे घेणारी सेवाही ‘नाही’ म्हणू शकते, हे मी तिथे पहिल्यांदा पाहिलं.

सांगलीला मावसभावाला फोन केला. दादाने माळ्यावरची ट्रंक उतरवून मावशीची फाईल काढली आणि बायॉप्सीचा रिपोर्ट व्हॉट्सॅपवर पाठवला. पॅपिलरी. म्हणजे वेगळा प्रकार, आणि तो या इशाऱ्यात येत नाही. रिपोर्ट वाचल्यावरच डॉक्टरांनी झेपबाउंड (सेमाग्लुटाइडसारखंच, पण टिर्झेपाटाइड असलेलं वजनाचं इंजेक्शन) लिहून दिलं आणि प्रिस्क्रिप्शन थेट ते बनवणाऱ्या एली लिलीच्या स्वतःच्या विक्रीसेवेकडे पाठवलं. तेव्हा तिथे २.५ मिलिग्रॅमच्या कुप्यांचे महिन्याला ३४९ डॉलर पडत होते, ५ मिलिग्रॅमचे ४९९. प्रत्येक कुपीत एकच डोस, अर्धा मिलिलिटर, मोजायला गोंधळ नाही. वजन सावकाश उतरतंय, ए-वन-सीही.

औषध बंद केलं तर काय, हेही मी तिन्ही ठिकाणी विचारलं होतं. सेमाग्लुटाइडच्या एका मोठ्या चाचणीत, औषध थांबवल्यावर वर्षभरात लोकांचं कमी झालेलं वजन सरासरी दोनतृतीयांश परत आलं. मला हे सांगितलं फक्त या डॉक्टरांनी.

तुम्हीही अशी सेवा शोधत असाल, तर पैसे भरण्याआधी डॉक्टरचं लायसन्स तुमच्या राज्याचं आहे का ते बघा, फार्मसीचं नाव मागा, आणि कुपीवर किती मिलिग्रॅम असतील ते लेखी घ्या. नाव सांगत नसतील, तर तिथे कार्डाचा नंबर देऊ नका. आणि आई, मावशी, काका यांच्यापैकी कुणाची ‘गाठ काढली’ असेल, तर तो रिपोर्ट आजच मागवून घ्या.